दुपारची घंटा

पूर्वी शोणवती नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व क्षेमंकर नावाने जन्मला आणि पुढे त्या राजाचा अमात्य झाला. राज्यातल्या सगळ्या कामकऱ्यांचा कारभार त्याच्याकडे होता. काम केव्हा थांबायचे, हे त्याच्या घंटेवर ठरे.

एका उन्हाळ्यात राजाने चैत्य बांधायला काढला आणि वैशाखी पौर्णिमेआधी तो पुरा झालाच पाहिजे असा हट्ट धरला. दुपारच्या विश्रांतीची घंटा त्याने बंदच करून टाकली. क्षेमंकराने परोपरीने विनवले. राजा म्हणाला, "पुण्याच्या कामाला ऊन लागत नाही, अमात्य." वाळ्याच्या पडद्याआड बसून असे बोलणे सोपेच असते.

चैत्याच्या ओट्यावर कोणी जोडे घालून चढत नसे. पाथरवटही अनवाणीच काम करीत. त्या तापल्या दगडावर पिंगल नावाचा म्हातारा पाथरवट भोवळ येऊन पडला, तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. त्याची बायको मागोमाग आली आणि क्षेमंकराला म्हणाली, "बाबा, आज तरी यांना आपल्या पायांनी घरी येऊ द्या."

राजाज्ञा मोडली तर पद जाईल, कदाचित डोकेही. बोधिसत्त्वाला भीती वाटत होतीच. तरी सूर्य माथ्यावर येताच त्याने स्वतः ओट्यावरच्या घंटेवर टोला दिला.

पाथरवट ओट्याजवळच्या वडाखाली गेले. घंटा ऐकून राजा संतापून तडक चैत्यापाशी आला, रिवाजाप्रमाणे पायरीशी जोडे काढून तरातरा ओट्यावर चढला.

"कोणाच्या हुकमाने—" एवढे बोलून त्याने एक पाय उचलला, मग दुसरा. जाब विचारावा की पाय सांभाळावेत, हेच त्याला उमजेना.

क्षेमंकराचेही तळवे भाजत होते. हात जोडून तो म्हणाला, "महाराज, उत्तर इथेच देऊ, की सावलीत?"

राजा उत्तरासाठी थांबलाच नाही. धावत वडाखाली जाऊन पिंगलशेजारी बसला आणि तळवे चोळू लागला. हसायची कोणाची छाती नव्हती. शेवटी तोच हसला. मग पिंगलच्या पायांवरचे फोड त्याला दिसले आणि त्याचे हसू मावळले.

"क्षेमंकरा," तो म्हणाला, "यापुढे मी नको म्हटले तरी ही घंटा वाजव."

क्षेमंकराचा जीव भांड्यात पडला. चैत्य पौर्णिमेनंतर पुरा झाला आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दृढवर्मा राजा म्हणजे हा आनंद. पिंगल म्हणजे महाकाश्यप. आणि भीत भीत घंटा वाजवणारा अमात्य मी होतो. दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून झटणे, याला मैत्री म्हणतात."