काळ्या जोडाची पकड

शिडाच्या होड्या कमी झाल्या आणि माणसं भल्यामोठ्या पतंगाला धरून, फळीवर उभी राहून लाटांवरून धावू लागली, त्या काळातली ही गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका खोपटात फळीवर बसवायच्या बुटांचे दोन जोड होते. एक नवाकोरा काळा, दुसरा जुना निळा, टाचेला ठिगळ लावलेला.

देवयानी तांडेल रोज निळाच जोड निवडायची. काळ्याच्या पोटात दुखायचं. "माझ्यात काय कमी आहे? हे ठिगळ मात्र रोज समुद्रावर मिरवतंय!"

एके दिवशी लाटेने देवयानीला उलटं केलं. फळी वर आणि ती पाण्याखाली. निळ्याने तिचे पाय सोडले, तशी ती पोहत वर आली.

हे कळल्यावर काळा खदखदा हसला. "भर समुद्रात सोडलंस तिला? मी असतो तर काही झालं तरी सोडलं नसतं!"

"तिला श्वास घ्यायचा होता रे," निळा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निळ्याची टाच उसवली. देवयानीने वाळूवर बसून काळा जोड घालून पाहिला. "आता बघच," असं निळ्याला म्हणत काळ्याने तिचे पाय करकचून आवळले. तिने ओढून पाहिलं, पण बूट निघेनात. नाड्यांच्या गाठी सुटेनात. शेवटी कात्री आणून नाड्या कापाव्या लागल्या.

"नको गं बाई हे," म्हणत ती सुईदोरा घेऊन निळ्याची टाच शिवायला बसली.

काळा जोड कोपऱ्यात पडून होता, रिकामा, आणि नाड्या कापल्या तरी अजून तसाच आवळलेला.