निष्कर्षाची हमी

एकदा एका खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, मरू लागल्या. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर त्या गावच्या बायका पिढ्यानपिढ्या वाकून हे शिंपल्यातले जीव वेचत आल्या होत्या आणि बाजारात विकून घर चालवत होत्या. त्या वर्षी मात्र वाळूत हात घालावा तिथे रिकामी, उघडी शिंपलीच लागू लागली. वाऱ्याबरोबर कुजका वास घरांपर्यंत येऊ लागला.

जवळच्या महाविद्यालयात निशिगंधा मयेकर प्राणिशास्त्र शिकवत असे. ती त्याच गावची. शेजारच्या मथुराकाकीने एक दिवस ती शिंपली तिच्या ओट्यावर ओतली आणि म्हटले, "तू एवढा शिकलंस मां? मगे ह्यां कित्याक मरतंत, ता सांग." निशिगंधाने शिंपली उचलून निरखली, पण नुसत्या डोळ्यांना कारण दिसत नव्हते. ते शोधायचे तर पाण्याचे, वाळूचे, जिवांचे नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत तपासावे लागणार होते, आणि त्यासाठी शासनाचे संशोधन अनुदान हवे होते. ती आपल्या गुरूंकडे गेली. प्राध्यापक सोवनी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. शांत स्वभावाबद्दल त्यांची ख्याती होती. ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणून अर्जावर नाव घालण्यास ते आनंदाने तयार झाले.

अर्ज गेला आणि परत आला. प्राण्यांना क्लेश होणार नाहीत, असे नैतिकता समितीचे प्रमाणपत्र जोडलेले नव्हते. खाडीत ढिगांनी मरणाऱ्या जिवांना क्लेश होत आहेत की काय, याची चौकशी त्या कार्यालयात कोणी केली नव्हती. प्रमाणपत्र जोडले. अर्ज पुन्हा परत आला. होडीभाड्याची तीन दरपत्रके हवी होती. त्या पट्ट्याकडे जाणारी होडी एकच, तांडेलांची. मग दुसरी होडी नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला मागवण्यात आला. दाखला दिला, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. क्रमांक घालून आणला, तोवर अर्जाचा नमुनाच बदलला होता आणि सगळे पहिल्यापासून लिहायचे होते.

निशिगंधा चिडे, रडकुंडीला येई. सोवनी सर मात्र तिच्याबरोबर बसून प्रत्येक पान पुन्हा भरत. "समाजाचा पैसा मागतो आहोत, बाळ," ते म्हणत. "चार प्रश्न विचारणारच. विचारायलाही हवेत." त्यांच्या या धीराचाच तिला पुष्कळदा राग येई. इकडे प्रत्येक भरतीओहोटीबरोबर जिवंत पट्टा अरुंद होत चालला होता. काही बायका वेचणे सोडून आंब्याच्या बागांत मजुरीला जाऊ लागल्या होत्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोघे एसटीने विभागीय कार्यालयात पोहोचले. सगळे कागद जुळले होते. कक्ष अधिकारी गायधनी यांनी ते चाळले, मान डोलावली आणि एक नवे हमीपत्र पुढे केले. "यंदापासून हे लागतं. संशोधनातून निघणारे निष्कर्ष लिहायचे, आणि ते मुदतीत निघतील याची हमी द्यायची. मॅडमची सही, मार्गदर्शकांची सही. झालं तुमचं काम."

निशिगंधाने एका दमात लिहून टाकले: 'वरच्या अंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्यामुळे तिसऱ्या मरत असल्याचे सिद्ध होईल.' गावात सगळे हेच म्हणत होते. तिलाही तसेच वाटत होते. सही करून तिने कागद गुरूंपुढे सरकवला.

सोवनी सरांनी तो वाचला. लेखणीला टोपण लावले आणि ती खिशात ठेवली.

"सर, सही."

"नाही करणार."

तिला वाटले, त्यांना नीट ऐकू आले नसावे. तिने पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा इतक्या महिन्यांचा संताप तिच्या तोंडून बाहेर पडला. "त्या फालतू दाखल्यांना तुम्ही ना म्हटलं नाहीत, आणि आता, सगळं हाताशी आलेलं असताना? सगळेच असं लिहून देतात, सर! तुमचं नाव स्वच्छ राहील, पण उपाशी त्या बायका राहतील. तुम्हाला चालेल हे?"

कचेरीतली माणसे माना वळवून पाहू लागली. सोवनी सरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना रागावलेले तिने कधी पाहिले नव्हते.

"नाही चालणार," ते म्हणाले. "म्हणूनच ऐक. आतापर्यंत यांनी तुझा वेळ मागितला. तो लुटला, असंच म्हणेन मी. पण तू दिलास, मीही दिला. हा कागद तुझे डोळे मागतो आहे. आज लिहून दिलंस की कारखान्याने मारलं, तर उद्या खाडीत उतरशील तेव्हा तुला कारखानाच दिसेल. दुसरं काही समोर आलं तर ते बाजूला सारशील, कारण त्याखाली तुझी सही नसेल. आणि मारणारं दुसरंच काही असलं तर? तुझा अहवाल वेळेत जाईल, मान्य होईल, आणि तिसऱ्या मरतच राहतील. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याने पैसे मागू नयेत. ज्याला ठाऊक नाही त्याने हमी देऊ नये."

मग ते अधिकाऱ्याकडे वळले. "हा कागद तुम्ही वाचला आहे?"

"साहेब, नियम मी केलेला नाही."

"कोणी केला ते मी विचारलं नाही. वाचलात का?"

गायधनी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. सोवनी सरांनी लेखणी काढली. निशिगंधाचे वाक्य खोडण्याआधी त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि थांबले. तिने लेखणी त्यांच्या हातातून ओढून घेतली. मग तिने स्वतःच त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिले: 'कारण माहीत नाही. ते शोधण्यासाठी हा अर्ज आहे.' त्याखाली दोघांनी सही केली.

हमीपत्र विहित नमुन्यात नसल्याने अर्ज त्याच दिवशी नामंजूर झाला.

परतीच्या एसटीत ती गुरूंशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मथुराकाकीने विचारले, तेव्हा तिने खाली मान घालून सगळे सांगितले. काकी तिच्या अंगावरच आली. "म्हंजे आता बघूक कोण येवचोच नाय? मगे तू ये! तुका काय होया ता सांग, आमी करतंव."

महाविद्यालयात पाण्याचा खारेपणा मोजण्याचे एक जुने उपकरण होते. तेवढेच घेऊन निशिगंधा खाडीत उतरली. तांडेलांनी होडी दिली. बायका रोज ओहोटीला ठिकठिकाणचे पाणी बाटल्यांत भरून आणू लागल्या. सोवनी सर तिच्या अबोल्याची पर्वा न करता काठावर बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत. कारखान्याच्या बाजूला पाण्याचा खारेपणा जसा असायला हवा तसाच निघाला, आणि तिथल्या वाळूत तिसऱ्या जिवंतही सापडल्या. मेल्या होत्या त्या दुसऱ्या अंगाला, खारबंधाऱ्याखाली, जिथे बायका वेचत. शेतांत समुद्राचे पाणी शिरू नये म्हणून शासनानेच बांधलेला तो बंधारा. त्याला अलीकडेच नव्या झडपा बसवल्या होत्या. आत साठलेले गोडे पाणी पूर्वी थोडे थोडे झिरपत असे. आता ते तुंबून एकदम सुटे, आणि खाऱ्या पाण्यातल्या जिवांवर गाळासकट दिवसच्या दिवस उभे राही.

हे उमगले त्या संध्याकाळी ती गुरूंच्या घरी गेली आणि दारातच म्हणाली, "मी कारखान्याचं नाव लिहून दिलं होतं, सर. आणि तेच सिद्ध करत बसले असते." सरांनी तिला आत बोलावले. पाणी दिले.

"अनुदान नव्हतं तेच बरं झालं, असं मात्र कोणाला म्हणू देऊ नकोस," ते म्हणाले. "ते वेळेवर मिळालं असतं तर एका पावसाळ्यात झालं असतं हे. आपल्याला दोन लागले. अर्धा पट्टा मेला तो या उशिराने मेला. तुझा राग गेला?"

"माझ्यावरचा गेला. तुमच्यावरचाही गेला. हमी मागणाऱ्यांवरचा नाही."

"तो राहू दे. कामाला येईल."

तो कामाला आला. बंधाऱ्याच्या कार्यालयात अभियंत्याने पहिलाच प्रश्न केला, "ही मापं कोणत्या मान्यताप्राप्त प्रकल्पातली?" निशिगंधा उठली, तिने उपकरण त्याच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "कोणत्याच नाही. पाणी मात्र तिथेच आहे. चला, तुम्ही मोजा." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती तिथून हलेना. शेवटी तो माणूस चडफडत उठला, गुडघाभर चिखलात उभा राहिला, त्याने स्वतः मोजले आणि पुन्हा एकदा मोजले. पुढच्या आठवड्यापासून झडपा रोज थोड्या थोड्या उघडू लागल्या.

मेलेला पट्टा काही परत आला नाही. त्याच्या कडेला, पुढच्या हंगामात, नखाएवढ्या नव्या तिसऱ्या वाळूत दिसल्या. मथुराकाकीने एक उचलून तळहातावर घेतली, निशिगंधाला दाखवली आणि जिथली तिथे ठेवून दिली.

शासनाने आपल्याकडे हिशेब जरूर मागावा. पण जे अजून कोणी पाहिलेच नाही त्याची हमी मागितली, तर तो कागद 'माहीत नाही' असे लिहून परत करण्याइतका राग आपल्यापाशी असावा.