नाव हरवलेली राजकन्या

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. शूर होता, दानी होता, पण भारी तापट! धाकटी बहीण कुमुद्वती भर दरबारात म्हणाली, "दादा, तुझा न्याय चुकला." झालं! राजानं तिला राज्याबाहेर घालवलं. आपलंच चुकलं हे त्याला लवकरच कळलं. पण राजेच ते, कबूल करतील तर शपथ!

वर्षं लोटली. नवससायासांनी राजाला मुलगी झाली. बारशाचा थाट काय वर्णावा! रीत तिथंही आपलीच, बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. पण आत्या होती कुठे? तिचा पाट रिकामा. तेवढ्यात एक म्हातारी आली, मुकाट पाटावर बसली. पुरोहितानं तिला नाव सांगितलं, ती बाळाच्या कानाशी वाकली आणि ते नाव तिनं गिळून टाकलं! ती होती कराली चेटकीण. घार होऊन ती उडून गेली आणि बिननावाचं बाळ विरू लागलं. आधी बोटं दिसेनाशी झाली, मग पावलं. राणीनं हंबरडा फोडला.

तेव्हा वाड्यातली साळुंकी बोलली, "महाराज, आत्याचा मान चेटकिणीनं लुटला. तो खरी आत्याच परत आणील. ती काळ्या डोंगरावर आहे. एकटे जा, अनवाणी जा."

राजा निघाला. वाटेत मोहवन लागलं. तिथल्या फुलांचा वास घेई तो तिथंच झोपे, पुन्हा उठत नसे. पण लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून राजाला वासच येत नव्हता. त्यावरून तो जन्मभर देवावर रुसलेला! फुलं तुडवीत तो सरळ पार झाला, आणि मग मागं वळून बघतच राहिला.

पुढे खिंडीत महानाग आडवा आला. "धड माणूसच गिळायचा, असं माझं व्रत आहे," तो म्हणाला. "तू तर लंगडा. जा!" घोड्यावरून पडून अधू झालेल्या त्या पायाची राजाला केवढी लाज! जोड्यात कापूस भरून लपवायचा बिचारा. आज अनवाणी होता म्हणून निभावलं. राजानं वाकून आपल्याच पायाला हात लावला.

डोंगराच्या दाराशी दगडी द्वारपाल होता. "कुणापाशी न बोललेलं खरं बोल," तो म्हणाला.

राजा म्हणाला, "मी चुकलो. बहीण खरं बोलली होती. मला ठाऊक होतं, तरी तिला परत बोलावलं नाही."

दार उघडलं. समोर कुमुद्वती!

"दादा, किती रे वाळलास!"

राजानं तिचे पाय धरले. "अरे, थोरला ना तू? ऊठ आधी," ती म्हणाली. हकिगत ऐकून तिनं पदर खोचला. "करालीचा मंत्र उलटवायची विद्या इथल्या तापसीनं मला शिकवलीय. वाड्यात राहते तर कुठली शिकणार होते!"

"म्हणजे तुला घालवलं ते बरंच झालं म्हणायचं?"

"अहाहा! म्हणे बरंच झालं! तुझी चूक ती चूकच. सोनं देवानं केलं तिचं, तू नव्हे."

राजा हसला आणि हसता हसता रडला.

तापसीच्या विद्येनं दोघं आकाशमार्गे वाड्यात आली, तेव्हा पाळण्यात बाळ दिसतच नव्हतं, नुसतं रडणं ऐकू येत होतं. कुमुद्वतीनं मंत्र म्हटला. घार तडफडत खाली आली, गिळलेलं नाव तिनं ओकलं आणि तिची राख झाली. आत्या पाळण्याशी वाकली, हळूच म्हणाली, "कृपावती." भराभर हात उमटले, पाय उमटले आणि त्या पायांची पहिली लाथ आत्याच्या नाकावर बसली!

वाद्यं वाजू लागली, राणीनं लेकीला छातीशी धरलं. राजानं जमिनीवर डोकं टेकलं.

"देवा," तो म्हणाला, "मागितलं ते दिलंस, त्याबद्दल हात नेहमीच जोडले. नको नको म्हणत होतो तेही देत राहिलास, त्यासाठी आज पहिल्यांदा जोडतोय."