लिंबाजी बेलदार एकदाच खोटं बोलला

बोरखडीला सडक नव्हती, शाळा नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. त्या गावात लिंबाजी बेलदार विहिरी खणायचा. तो "पाणी लागलं" म्हणाला की लागलेलंच असायचं. उभ्या आयुष्यात तो पाण्याचं खोटं बोलला नव्हता, आणि त्या शब्दावरच त्याचं पोट चालायचं.

गावाबाहेरच्या माळावर त्यानं एक विहीर इतकी खोल नेली की तळातून भर दुपारी चांदणी दिसायची, असं म्हणतात. ती चांदणी विहिरीच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकायची. लिंबाजी वर येऊन सांगायचा, "चांदणी जागची हलत न्हाई. धरणीच आपल्याला घिऊन गरगर फिरतीया." लोक म्हणायचे, लिंबाजीला घेरी आली असेल.

माती संपली, मुरूम संपला, काळा पाषाण लागला, पाण्याचा मात्र पत्ता नाही. एके सकाळी तो पाषाण हाताला ऊन लागला आणि जात्यासारखा घरघरू लागला, असं म्हणतात. लिंबाजीनं कान लावला. खालचे थर एकमेकांना रेटत होते आणि अडकून बसले होते. ते सुटले की वरचं गाव हलणार, हे त्याला उमगलं.

बोरखडीची घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी पांढरी माती टाकायची, जुनी मात्र कुणी काढायचं नाही. आज्या-पणज्यांपासूनचा तो भार डोक्यावर घेऊन गाव सुखात झोपायचं! घरं सोडून माळावर चला, असं सांगत लिंबाजी दारोदार फिरला. पाटलांची आई सोनाबाई म्हणाली, "धरणी शेषाच्या फण्यावर हाय. त्यो बघून घील. तुझ्यापायी उन्हात बसू व्हय?" कुणीच उंबरा ओलांडेना.

मग लिंबाजी विहिरीच्या काठावर उभा राहिला. आज खोटं बोललो तर पुन्हा कुणी विहीर देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तो ओरडला, "पाणी लागलंऽऽ!"

पाणी लागलं की अख्ख्या गावानं काठावर जमून गूळ खायचा, तान्ह्या पोरासकट, अशी रीत. घरं ओस पडली. सोनाबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढं आली. वाकून बघते तर कोरडा खडक!

"मुडद्या, पाण्याचं खोटं बोललास?" तिनं काठी उगारली. ती खाली यायच्या आतच धरणी हलली आणि गावातली धाबी धडाधड कोसळली. माळावर मात्र कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धुरळा बसला, तेव्हा विहिरीतून खळखळ ऐकू आली. पाषाण फुटून पाणी कमरेइतकं चढलं होतं, असं म्हणतात. सोनाबाईनं काठी टाकली आणि आपल्या हातानं लिंबाजीला गूळ भरवला.

आजही बोरखडीत नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवतात, आणि तिची पहिली पाटी लिंबाजीच्या विहिरीच्या काठावर नेऊन ओततात. त्या दुपारी घरात कुणी थांबत नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी उगारते, विहिरीत वाकून म्हणते, "लिंबाजी, खोटं बोललास रं माझ्या लेकरा!" आणि सगळं गाव पोटभर गूळ खातं.