भोपळा कुणी फोडला?

गोळी कुणाची? एवढ्याशा प्रश्नावरून धामणखेडचे राजे चिमासाहेब आणि त्यांचे बालमित्र दौलतराव जहागीरदार भर माळावर एकमेकांवर शिंगं रोखून उभे होते!

झालं असं, की दोघं सकाळीच नवी कोरी विलायती पिस्तुलं घेऊन राजवाड्यामागच्या माळावर नेमबाजीच्या सरावाला आले. समोरच्या बांधावर मडकी मांडली होती. धाड धाड बार उडाले, धुराने डोळे चुरचुरले, उन्हं डोक्यावर यायला लागली, तरी मडकी जशीच्या तशी! शेवटी एक कावळा आला आणि मधल्या मडक्यावर खुशाल चोच घासत बसला. राजेसाहेब भडकले.

"ही मडकी आहेत की बोरं? काहीतरी मोठं आणा!"

शिपाई धावत बागेत गेला आणि रांजणाएवढा भोपळा खांद्यावर घेऊन आला. भोपळा बांधावर बसला. "आधी मी!" "छट्, आधी मी!" करत दोघांनी एकदमच नेम धरला, एकदमच चाप ओढला आणि भोपळ्याच्या चिंधड्या उडाल्या!

"लागली! माझी गोळी लागली!" राजेसाहेब नाचायलाच लागले.

"तुमची? तुमची त्या बाभळीत गेली!" दौलतराव म्हणाले. "भोपळा मी फोडला!"

"तुम्ही? अहो, समोर हत्ती बांधला तरी तुमची गोळी त्याला लागायची नाही!"

"अस्सं? घोडं आणा रे माझं! जिथं माझ्या नेमाला मान नाही, तिथं पाणीसुद्धा पिणार नाही!"

"जा, जा! आणि परत या माळावर पाय ठेवू नका!" राजेसाहेब ओरडले खरे, पण त्यांचा आवाज चिरकला. दौलतरावांनीही रिकिबीत पाय घातला, पण वर काही चढेनात.

तेवढ्यात बाग सांभाळणारी बायजा माळीण खुरपं हातात घेऊन तरातरा आली. "मांडवाखालचा भोपळा कुणी उचलला?"

शिपायाने मुकाट्याने चिंधड्यांकडे बोट दाखवलं.

"बरी आलीस!" राजेसाहेब म्हणाले. "तू यातलं काही पाहिलेलं नाहीस. न्याय कर. भोपळा आमच्या दोघांच्या गोळीनं फुटला, की एकाच्या? आणि एकाच्या, तर कुणाच्या? पण याद राख! मी राजा म्हणून माझी बाजू घेतलीस, तर बागेतून हाकलून देईन!"

"आणि मी पाहुणा म्हणून माझी घेतली तर?" दौलतरावांनी घोड्यामागून विचारलं.

"तरी हाकलून देईन! शिवाय आमच्यापैकी कुणालाही खोटं पाडायचं नाही. निकाल दोघांनाही पटला पाहिजे!"

बायजाने खुरप्याने दोन फोडी उलथ्यापालथ्या केल्या. पदर खोचला.

"निकाल देते, सरकार. पण आधी एक कानावर घालते. राणीसरकारांनी तंबोऱ्यासाठी एक भोपळा राखून ठेवलाय. मिरजेहून कारागीर यायचाय. कालच मला बजावलं त्यांनी, 'बायजे, माझ्या भोपळ्याला जो धक्का लावील, तो कुणी का असेना, दिवाळीपर्यंत त्याच्या ताटात भोपळ्याशिवाय काही पडणार नाही! सकाळी भोपळ्याची भाजी, रात्री भोपळ्याचं भरीत!'"

दोघांनीही वाड्याकडे पाहिलं. वाड्याच्या मुदपाकखान्यातून मटणाच्या रश्श्याचा घमघमाट येत होता.

"तर सरकार," बायजा म्हणाली, "गोळी तुमची ना?"

"माझी?" राजेसाहेबांनी मिशीवरचा हात झटकन खाली घेतला. "छे छे! माझी त्या बाभळीत गेली. दौलतरावांनी स्वतः पाहिली! काय हो?"

"मी कशाला पाहीन?" दौलतराव रिकिबीतून पाय काढून पुढे आले. "चिमासाहेबच म्हणाले ना, माझी गोळी हत्तीलासुद्धा लागायची नाही! अगदी बरोबर बोलले! नाहीच लागत माझी!"

"दोघंही शपथेवर सांगता?"

"शपथेवर!" दोघं एका सुरात म्हणाले.

"मग झाला की निकाल! सरकार शपथेवर सांगतात, माझी गोळी नाही. जहागीरदारसाहेब शपथेवर सांगतात, माझीही नाही. मी माळीण, मी तुम्हाला खोटं कशी पाडू? गोळी कुणाचीच नाही!"

"अगं, मग भोपळा फुटला कसा?"

"घाबरून, सरकार! सकाळपासनं एवढे बार ऐकले बिचाऱ्यानं. तुम्ही दोघं एकदम त्याच्याकडं वळलात, आणि त्याचं काळीजच फाटलं!"

दौलतरावांना हसू आवरेना. राजेसाहेबही हसले, पण लगेच वाड्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पण बायजा, राणीसरकारांना काय सांगायचं?"

"त्यांना कशाला काही सांगायचं? त्यांचा भोपळा मांडवाला आहे तसाच लोंबतोय. हा मी गुरांसाठी खाली काढून ठेवला होता!"

 राजेसाहेब असे हसत सुटले, की बांधावरचा कावळा उडून गेला! दौलतरावांनी तर त्यांच्या गळ्यातच हात टाकला.

"माग बायजा, काय हवं ते माग!"

"सरकार, तुमचा सराव तेवढा टेकडीपलीकडं न्या. आज भोपळा घाबरून फुटला, उद्या वांगी पळून जातील!"

राजेसाहेबांनी हसता हसता हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं, आणि दोघं मित्र मटणाच्या वासामागे वाड्याकडे निघाले.