बदकीणबाईंनी घातलेली आंघोळ

फार पूर्वी एका तळ्याकाठी टिपरी नावाची कुत्री नुकतीच व्याली होती. ती खाणं शोधायला गेली, तेव्हा शेजारच्या बदकीणबाईंना तिचं मळकं पिल्लू बघवेना. आपली पोरं जन्मतःच पोहतात, मग याला काय होतंय, असं म्हणत त्यांनी त्याला तळ्यात बुचकळलं.

पिल्लू काकडून लुळं पडलं. बदकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याला काठावर ओढून पंखाखाली घेतलं. इतक्यात टिपरी धावत आली. तिने पिल्लाला चाटून कोरडं केलं, पोटाशी धरलं. हळूहळू ते दूध पिऊ लागलं.

"अहो, मी चांगल्यासाठीच..." बदकीणबाई पुटपुटल्या.

"ठाऊक आहे हो," टिपरी म्हणाली. "उद्या तुमची पोरं पाठवा. मीही चांगल्यासाठीच त्यांना हाडं चघळायला शिकवते."