भिंतीकडे तोंड केलेली जीप

एकदा एका घाटाखालच्या गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. पंचक्रोशीत लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. वैद्यकाची पदवी घेऊन अनुभवासाठी आलेला, बुद्धीने तल्लख, आणि आपण तल्लख आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलेला. आबांची दृष्टी वयोमानाने मंदावली होती, त्यामुळे त्यांची जुनी जीप चालवण्याचे काम शिष्याकडे आले होते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रुग्ण पाहायला दोघे त्या जीपमधून जात.

जीपच्या बाबतीत आबांचा एक नियम होता. जिथे जाऊ तिथे गाडी उलटी आत घ्यायची. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. स्वतःच्या अंगणात तर या नियमाला सुट्टी नव्हतीच.

एका संध्याकाळी शिष्य आबांना घेऊन तीन गावे फिरून दमूनभागून परतला. पोटात कावळे ओरडत होते. त्याने जीप सरळ अंगणात घातली आणि उतरू लागला. आबा जागचे हलले नाहीत.

"फिरवून लाव," ते म्हणाले.

"आबा, सकाळी काढताना घेईन की मागं. एकदा मागं घ्यायचीच आहे, आत्ता काय आणि उद्या काय?"

"फरक आहे बाबा. आत्ता तू ही जागा बघत बघत आलास. नळ कुठं आहे, मांजर कुठं बसलंय, शेजारच्यांनी सायकल कुठं टेकवलीय, सगळं तुझ्या डोळ्यांपुढं आहे. सकाळी कुणीतरी धापा टाकत बोलवायला येईल. तू चपला घालत घालत धावशील आणि मागं काय आहे ते न बघता गाडी सोडशील. अवघड काम मन थाऱ्यावर असताना उरकावं. निघायच्या वेळी मन कुणाचंच थाऱ्यावर नसतं."

शिष्याला हे मनोमन पटले. इतके पटले, की त्यापुढे गावाची धडगत राहिली नाही. ज्ञान नवे असले की माणसाला ते वाटून टाकण्याची फार घाई होते, आणि ज्याला वाटतो त्याला ते हवे आहे का, हे विचारायचे राहून जाते. दूधसंस्थेच्या दारात, बँकेच्या पुढ्यात, जिथे कोणाची गाडी सरळ घुसलेली दिसे तिथे शिष्य थांबून उपदेश करू लागला. एका लग्नात तर त्याने नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी फिरवून लावायला सांगितली, आणि वरमाय अजून गाडीतच होती. तिने खिडकीतून जे काही सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. आबांच्या कानावर हे येई. ते नुसते हसत आणि खलात औषध घोटत राहत.

पुढे असे झाले, की गावातला एक भुसार मालाचा व्यापारी अंथरुणाला खिळला. आबांचा तो बालमित्र. उभे आयुष्य त्याने बाजारपेठेतल्या जुन्या गोदामात काढले होते, आणि घरही त्याच आवारात. वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही मुलांनी हमरस्त्याला लागून मोठे नवे गोदाम बांधले, सगळा माल तिकडे नेला आणि वडिलांना प्रेमाने सांगितले, "बाबा, तुम्ही फार कष्ट केलेत. आता आराम करा." त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण आराम सुरू झाला आणि म्हाताऱ्याचे जेवण कमी होऊ लागले. आधी रात्रीचे गेले, मग सकाळचे. आता आठ दिवस तो पेलाभर दुधावर होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, छातीचे फोटो काढले. कशातच काही निघाले नाही. "यांनी खाल्लं नाही तर फार दिवस काढणार नाहीत," एवढे मात्र त्यांनी मुलांना स्पष्ट सांगितले.

थोरला मुलगा आबांना बोलवायला आला. आबा लगेच निघाले. शिष्यानेही जीपमध्ये सगळी जय्यत तयारी ठेवली, कारण रुग्णाला कोणत्याही क्षणी तालुक्याला हलवावे लागेल असे त्याला वाटत होते.

व्यापाऱ्याच्या घराचे आणि जुन्या गोदामाचे फाटक एकच होते, जागा अडचणीची, आणि ते एका वळत्या बोळात उघडत होते. आत शिरल्यावर डाव्या हाताला गुरांच्या पाण्याची दगडी डोण, उजव्या हाताला शेवग्याचे झाड, आणि समोर घराची भिंत. भिंतीत एक खिडकी होती. शिष्याने बोळातच जीप थांबवली आणि मागे घेण्यासाठी गिअर टाकला.

"सरळ घाल," आबा म्हणाले.

शिष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "आबा, उलटी घेतो ना."

"नको. सरळ घाल. पार त्या खिडकीपर्यंत ने."

"अहो, पण पेशंट सीरियस आहे! न्यायची वेळ आली तर इथून गाडी काढता काढता दहा मिनिटं जातील. तुम्हीच तर शिकवलंय."

"मीच शिकवलंय, आणि मीच सांगतोय. घाल."

शिष्याने जीप आत घातली, पण त्याच्या मनात राग आणि भीती दोन्ही दाटली. म्हातारपणी बुद्धी चळते म्हणतात ती अशी, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

आत व्यापारी भिंतीकडे तोंड करून पडला होता. आबांची चाहूल लागताच तो न वळताच म्हणाला, "वैद्या, नाडी बघू नकोस. काही सापडायचं नाही."

"नाही बघत," आबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी खरोखरच नाडी पाहिली नाही. शाळेतल्या गोष्टी निघाल्या. दोघांनी मिळून चोरलेल्या चिंचा निघाल्या. व्यापारी हूं हूं करत होता. मग बऱ्याच वेळाने तो आपणहून बोलला.

"पोरं गुणी आहेत रे. मी नव्या गोदामात गेलो की उठून उभी राहतात, खुर्ची देतात, चहा मागवतात. चहा झाला की गाडीत घालून घरी सोडतात. खुर्चीत बसवलेला माणूस आणि भिंतीवर लावलेला फोटो, यात काय फरक आहे सांग बरं. फोटोला हार तरी घालतात. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही वैद्या. मग उगाच भाकऱ्या कशाला खपवू?"

दारात उभ्या असलेल्या सुनेने पदर तोंडाला लावला. आबांनी मात्र धीर दिला नाही, उपदेश केला नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, "बरंय तर. निघतो."

सून मागोमाग ओसरीवर आली. "आबा, औषध? काहीच नाही देणार?"

"जरा गाडी निघू दे," आबा म्हणाले.

शिष्य तणतणत जीपमध्ये बसला. मागे घेऊ लागला आणि चौथ्या फुटावर डोणीला टेकला. पुढे घेतली, पुन्हा मागे, तर शेवग्याची फांदी टपात घुसली. गावभर ज्याने गाडी लावण्याचे धडे दिले, त्याला फाटक सापडेना. दोन्ही मुलगे मदतीला धावले. थोरला डावीकडून ओरडे, "इकडं घ्या, इकडं!" धाकटा उजवीकडून ओरडे, "अहो तिकडं नको, नाली आहे!" फाटकाबाहेर चार बघे जमले आणि त्यांनीही आपापल्या दिशा सुचवल्या. शिष्याच्या कपाळावरून घाम निथळू लागला. त्याने आशेने आबांकडे पाहिले. आबा ओसरीवर मागे हात बांधून शेवग्याच्या शेंगा न्याहाळत उभे होते.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "अरे, चाक सरळ कर आधी! सरळ!"

इंजिनाच्या घरघरीत शिष्याला काही ऐकू गेले नाही. त्याने चाक आणखी उलटे फिरवले आणि कुंडी फुटली.

"गाढवा, सरळ म्हणतोय ना!"

आणि मग ओसरीच्या दारात व्यापारी स्वतः उभा राहिला. चौकट धरून, अनवाणी, आठ दिवसांची दाढी वाढलेला. सून "बाबा!" म्हणून पुढे धावली, त्याने तिचा हात बाजूला केला. एक एक पायरी उतरत तो अंगणात आला, जीपच्या मागे गेला आणि टपावर जोरात थाप मारली.

"थांब! कुणी बोलू नका रे. सगळे बाजूला व्हा." अंगण एकदम शांत झाले. "हं. आता माझ्याकडं बघ. बाकी कुणाचं ऐकू नकोस. पुढं घे हातभर. बास. आता स्टेअरिंग उजवीकडं, पूर्ण. येऊ दे. येऊ दे. अजून येऊ दे, घाबरू नकोस, मी आहे मागं. आता सरळ कर. येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

फाटकाच्या एकाही खांबाला न घासता जीप बोळात उभी राहिली. शिष्याने सुटकेचा निःश्वास टाकला. व्यापारी फाटकाला टेकून धापा टाकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती.

"दहा टनांचे ट्रक घेतलेत या फाटकातून," तो बघ्यांना म्हणाला. "चाळीस वर्षं. एकदा खांबाला ओरखडा नाही. आणि या डॉक्टराला जीप निघेना!" मग तो तिथेच दगडावर बसला आणि सुनेला म्हणाला, "अगं, पोटात खड्डा पडलाय. भाताची पेज आहे का? मीठ जरा बरं टाक."

सून स्वयंपाकघराकडे धावली. थोरला मुलगा वडिलांकडे पाहत राहिला होता. त्याचे डोळे भरून आले होते. आबा त्याच्या जवळून जाताना हळूच म्हणाले, "आज पेजच. उद्या मऊ भात. घाई करू नका." ते जीपमध्ये येऊन बसले.

बाजारपेठ मागे पडल्यावर शिष्याने विचारले, "आबा, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?"

"ठाऊक कसलं? वाटत होतं. तो फाटकात उभा राहून ट्रक घ्यायचा, ते मी हजारदा पाहिलंय. त्या वेळी त्याच्यासमोर राजाही आला असता तरी त्यानं बाजूला हो म्हटलं असतं."

"आणि त्यांना हलवायची वेळ आली असती तर?"

"थोरल्याची गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती, रस्त्याकडं तोंड करून. मी येतानाच बघितली. तू रागात होतास, तुला दिसली नाही."

शिष्य ओशाळला. पण मनातली शंका त्याला गिळवेना. "मग हे सगळं नाटकच म्हणायचं."

"नाटक?" आबा मोठ्याने हसले. "तुला खरंच निघत नव्हती की रे!" मग ते गंभीर झाले. "हे बघ, गाडी उलटी लावणाऱ्याचं निघताना कुणावाचून अडत नाही. बसला की निघाला. रुग्णाच्या दारात आपण तसंच असलं पाहिजे, म्हणून तो नियम. पण ज्याची गाडी सरळ आत गेलीय, त्याला निघताना मागं कुणीतरी उभं लागतं. तो म्हणेल तसं चाक फिरवावं लागतं, आपल्याला न दिसणारं त्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं. माझ्या मित्राला रोग एकच होता, आपली कुणाला गरज नाही हा. पोरांनी त्याला सगळं दिलं. फक्त त्याच्याकडं काही मागितलं नाही. आपण जाऊन त्याच्या दारात अडकलो, एवढंच केलं."

शिष्याने मान डोलावली. काही दिवसांनी त्याच्या कानावर आले, की मुलांनी जुने गोदाम पुन्हा उघडले आहे आणि सुट्या मालाचे टेम्पो तिकडे रिकामे होतात. हमरस्त्यावरून ते सोयीचे नाही असे लोक म्हणत. मुले म्हणत, बाबांना विचारूनच ठरवले आहे.

चार महिन्यांनी आबांना बरे नव्हते म्हणून शिष्य एकटाच व्यापाऱ्याकडे गेला. एव्हाना त्याचा हात इतका बसला होता, की असले फाटक त्याने एका झटक्यात पार केले असते. त्याने जीप सरळ आत घातली, खिडकीपर्यंत नेली. व्यापाऱ्याची प्रकृती पाहिली, सुनेने दिलेला लाडू खाल्ला, जीपमध्ये येऊन बसला. इंजिन सुरू केले. मग आरशात न बघता तो खिडकीतून डोके बाहेर काढून थांबला.

"काय रे, अजून जमत नाही होय?" व्यापारी पायात चपला सरकवत पायऱ्या उतरू लागला.

एके काळी सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा तो शिष्य सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नाही जमत, शेठ. जरा मागं बघता का?"

त्याने आपल्या बुद्धीने दिलेले ते पहिले औषध होते.